रात्री अडीचनंतर सीपॅपच्या मास्कमधून हवा सुटते तेव्हा

माझ्या आईचे वय ७८ आहे. गोव्यातील फोंडा तालुक्यातील आमच्या कौलारू घरात ती गेली सहा वर्षे झोपताना सीपॅपचे, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून सतत दाबाची हवा देणारे यंत्र लावते, आणि या सहा वर्षांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा परत आली. झोपताना मास्क नीट बसलेला असतो. पण दोन-अडीचच्या सुमारास कडेने हवा सुटू लागते, डोळ्यांवर झोत येतो, फुरफुर असा आवाज होतो, आई जागी होते आणि मास्क काढून उशाशी ठेवून देते. सकाळी यंत्राच्या पडद्यावर वापराचे तास तीन किंवा साडेतीन एवढेच दिसतात. ज्यांच्याकडून यंत्र घेतले त्यांना फोन केला की प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळत असे : पट्टे थोडे आवळा. आम्ही आवळत गेलो. दोन रात्री बऱ्या जात, तिसऱ्या रात्री पुन्हा तेच होई, आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आईच्या नाकाच्या दांड्यावर एक लहानशी जखम झाली, जी भरायला तीन आठवडे लागले. वृद्धांची त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते, तिच्यावर रात्रभर दाब देण्याची मुभा आपल्याला नाही, हे त्या जखमेने मला समजावले.

तेव्हापासून मी वेगळ्या वाटेने शोध घेऊ लागलो, आणि घरी वृद्ध माणसाचे यंत्र सांभाळणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगतो : पट्ट्याला हात लावण्यापूर्वी गळती किती वाजता सुरू होते हे लिहून काढा. गळती किती आहे हे यंत्र सांगते, पण ती का होते हे बहुतेकदा तिच्या वेळेवरून कळते.

यामागचे कारण समजण्यासाठी यंत्र काय करते ते थोडक्यात पाहावे लागेल. घशाच्या मागच्या भागातील श्वासमार्गाला हाडाचा किंवा कूर्चेचा आधार नसतो. झोपेत स्नायू सैल पडले की जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग खाली येतो आणि मार्ग मिटतो. हाच झोपेतील श्वासरोध, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया. किमान दहा सेकंद श्वास थांबला किंवा तो बराच उथळ झाला तर ती एक घटना मानतात. तासाला अशा घटना ५ ते १५ असतील तर आजार सौम्य, १५ ते ३० असतील तर मध्यम आणि ३० च्या वर असतील तर तीव्र समजला जातो. आईचा आकडा यंत्र घेण्याआधी ३८ होता. सिडनीतील डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली पाच रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध करून दाखवून दिले, की नाकावाटे सतत थोड्या दाबाची हवा दिली तर हा मिटणारा मार्ग उघडा राहतो. तेच तत्त्व आजही आहे. हवा इथे औषध नाही, तो एक टेकू आहे. टेकू पूर्ण उंचीचा असेल तरच छप्पर तोलून धरतो, आणि मास्कच्या कडेने हवा सुटली की टेकूच आखूड पडतो.

आता वेळेचा मुद्दा. रात्रीच्या झोपेतील स्वप्नांचा टप्पा उत्तररात्री लांबत जातो. त्या टप्प्यात शरीराचे स्नायू सर्वाधिक सैल असतात, त्यामुळे पुष्कळ रुग्णांमध्ये श्वासरोध याच काळात वाढतो. स्वयंचलित यंत्र असेल तर ते हा अडथळा ओळखून दाब वाढवते. म्हणजे जबडा सर्वांत सैल आणि हवेचा दाब सर्वांत जास्त, अशी गाठ नेमकी दोन-अडीचनंतर पडते. दुकानात बसून, दिवसा अकरा वाजता, कमी दाबावर तपासलेला मास्क त्या वेळी टिकेलच असे नाही. आणि म्हणूनच अडीच वाजता मास्क काढून ठेवणाऱ्या माणसाचे नुकसान तासांच्या हिशेबाने दिसते त्यापेक्षा मोठे असते, कारण उरलेले तीन-चार तास हे त्याच्या श्वासासाठी सर्वांत वाईट तास असतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ४५ ते ७५ वयाचे, आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेले २,७१७ रुग्ण होते. सीपॅप दिलेल्या गटात यंत्राचा सरासरी वापर रात्री अवघा ३.३ तास झाला आणि हृदयाच्या पुढील दुखण्यांमध्ये घट दिसली नाही, मात्र घोरणे, दिवसाची पेंग आणि मनःस्थिती यांत सुधारणा दिसली. या चाचणीवरून पूर्ण रात्र यंत्र वापरल्यास हृदय सुरक्षित राहील असा निष्कर्ष मी काढणार नाही. पण साडेतीन तास झाले, आता पुरे, असे वृद्ध माणसाला सांगून स्वतःचे समाधान करून घेणेही मला मान्य नाही.

वेळ कशी नोंदवावी

बहुतेक यंत्रांचा पडदा सकाळी फक्त रात्रीची बेरीज दाखवतो : वापराचे तास, तासाला उरलेल्या घटना आणि मास्क नीट बसला होता की नाही याची खूण. तेवढ्यावर वेळ कळत नाही. यंत्रात मेमरी कार्ड असेल तर त्यात दर मिनिटाचा आलेख साठलेला असतो, आणि ऑस्कर नावाच्या मोफत संगणक प्रणालीत अनेक यंत्रांची कार्डे उघडून तो पाहता येतो. माझ्यासारख्या संगणकाची फारशी सवय नसलेल्या माणसालाही एका दुपारी ते जमले. कार्ड नसेल तर उशाशी वही आणि ठळक आकड्यांचे घड्याळ पुरते. माणूस जागा झाला की वेळ आणि एक शब्द एवढेच लिहायचे, जसे की डोळे, तोंड, पाणी किंवा लघवी. सात रात्रींच्या नोंदी झाल्या की आकृती आपोआप दिसू लागते. एका रात्रीवरून काही ठरवू नये.

एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण ही चूक मी दोन घरांत पाहिली आहे. प्रत्येक मास्कला मुद्दाम ठेवलेली बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून हवा सतत बाहेर पडतच असते. ती गळती नव्हे. उच्छ्वासातील कर्बवायू त्याच वाटेने निघून जातो. आवाज होतो म्हणून त्या छिद्रांवर चिकटपट्टी लावणे धोक्याचे आहे.

मास्क लावताक्षणीच हवा सुटत असेल

अशी गळती शोधायला सर्वांत सोपी असते. सिलिकॉनची गादी झिजून कडेला लिबलिबीत किंवा पिवळट झाली असेल तर ती बदलावी लागते. पट्ट्यांचा ताण वाढवून मेलेली गादी जिवंत होत नाही. त्यानंतर तेल. आमच्याकडे वयस्क बायका रात्री केसांना आणि उरलेला हात चेहऱ्याला असे खोबरेल तेल लावतात, आईही लावत असे. तेलकट गालावर सिलिकॉन धरत नाही आणि तेलाने ते लवकर खराबही होते. आम्ही तेलाची वेळ सकाळी आंघोळीपूर्वी नेली, आणि झोपताना चेहरा सौम्य साबणाने धुऊन कोरडा करू लागलो. तिसरी गोष्ट माझ्या बायकोच्या लक्षात आली, माझ्या कधीच आली नसती : आईचा अंबाडा. मास्कचा मागचा पट्टा अंबाड्यावर टेकत होता, आणि आई उताणी झोपली की अंबाडा पट्ट्याला वर ढकलत होता. आता ती झोपताना सैल वेणी घालून ती एका खांद्यावर पुढे घेते. नाकपुड्यांत बसणाऱ्या लहान मास्कच्या बाबतीत नाकातली चमकीही अशीच अडते; पुरुषांच्या बाबतीत मिशी आणि दोन दिवसांची दाढी.

मास्क बसवण्याची रीतही महत्त्वाची आहे. तो खाटेवर बसून नव्हे, तर झोपून, डोके रोजच्या उशीवर टेकवून आणि यंत्र सुरू करून बसवावा. हवा भरू लागली की मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा ठेवावा, म्हणजे गादीची आतली पातळ घडी फुगून त्वचेला लागते. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत. दोन बोटे जात नसतील आणि तरीही हवा सुटत असेल, तर दोष पट्ट्यात नाही हे ठरवून टाकावे. सांधे आखडलेल्या बोटांना पट्ट्याच्या कड्या जमत नाहीत, म्हणून काही मास्कना चुंबकाच्या कड्या असतात आणि त्या खरोखर सोयीच्या आहेत; मात्र पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले तत्सम उपकरण असलेल्या व्यक्तीने, किंवा तिच्या अगदी शेजारी झोपणाऱ्यानेही, चुंबकाचा मास्क वापरू नये. घेतानाच हे विचारून घ्यावे, कारण विकणारा आपणहून विचारेल याची खात्री नसते.

लघवीला उठून आल्यानंतरची गळती

वृद्धांच्या बाबतीत मी या वेळेला फार महत्त्व देतो, कारण ती दुहेरी खूण आहे. मिटलेल्या घशातून श्वास ओढताना छातीत जो ताण येतो त्याने हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, त्यातून एक संप्रेरक स्रवते आणि मूत्रपिंडे रात्रीही भरपूर लघवी तयार करतात. म्हणून उपचार न झालेल्या श्वासरोधात माणूस रात्रीत तीन-चारदा उठतो आणि सगळे त्याचा दोष वयाला, मधुमेहाला किंवा प्रोस्टेट ग्रंथीला देतात. यंत्र नीट चालू लागल्यावर आईच्या फेऱ्या चारवरून एकीवर आल्या होत्या. त्या पुन्हा तीन झाल्या तेव्हा आम्ही आधी पाणी कमी प्यायला सांगितले, आणि ते चुकले. खरे तर मास्क गळत असल्याची ती पहिली सूचना होती, आणि ती आम्हाला महिनाभर वाचता आली नाही.

उठताना मास्क काढू नये. मास्कपाशी नळीचा एक जोड असतो, तो दाबला की नळी सुटते आणि मास्क चेहऱ्यावर तसाच राहतो. परत येऊन नळी जोडायची, बस. आईला अंधारात तो जोड सापडत नसे, म्हणून आम्ही त्यावर लोकरीचा एक धागा बांधला, आणि दिवसा डोळे मिटून वीस-पंचवीस वेळा सराव करून घेतला. नळी खाटेच्या डोक्याकडून वरून आणली, जेणेकरून ती जमिनीवर लोंबकळून पायात अडकणार नाही. घराचा उंबरा, न्हाणीची ओली फरशी आणि पायात नळी, हे तिन्ही एका रात्री एकत्र आले तर मांडीचे हाड मोडायला वेळ लागत नाही.

कवळी आणि सैल जबडा : अडीच वाजताचे खरे कारण

आमच्या घरी मूळ दोष इथे निघाला. आईने मास्क विकत घेतला तेव्हा ती नेहमीसारखी साडी नेसून, कवळी लावून दुकानात गेली होती, आणि त्या चेहऱ्यावर मास्कचे माप घेतले गेले. रात्री ती कवळी काढून पाण्यात ठेवते. कवळी निघाली की वरचा ओठ आत जातो, गाल बसतात, हनुवटी नाकाच्या जवळ येते. नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कच्या खालच्या कडेला टेकायला जागाच उरत नाही. पूर्वरात्री दाब कमी असतो तोवर ते कसेबसे निभावते. स्वप्नांच्या टप्प्यात जबडा खाली पडला आणि यंत्राने दाब वाढवला, की तीच मोकळी जागा उघडी पडते. तीन वर्षे आम्ही दिवसाच्या चेहऱ्याचा मास्क रात्रीच्या चेहऱ्यावर आवळत होतो.

मग कवळी लावूनच झोपावे का, हा प्रश्न साहजिक आहे, आणि काही जणांना तसा सल्लाही मिळतो. मला तो पटत नाही. जपानमध्ये ८५ वर्षांवरील ५२४ वृद्धांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले, झोपताना कवळी लावणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. कवळीखाली साठणारे जंतू झोपेत घशात उतरतात, आणि वर दाबाची हवा आहेच. दंतवैद्यांनी विशिष्ट कारणाने सांगितले तर गोष्ट वेगळी. एरवी कवळी काढलेल्या चेहऱ्यालाच शोभेल असा मास्क शोधणे हाच सरळ मार्ग आहे. आम्ही आईला पुन्हा दुकानात नेले, कवळी काढून, पलंगावर आडवे होऊन माप घ्यायला लावले, आणि एक माप लहान मास्क निघाला. आईला परक्यांसमोर कवळी काढायचा संकोच वाटत होता. तेव्हा बाईमाणसाने आतल्या खोलीत माप घ्यावे अशी विनंती केली आणि ती मान्य झाली. ही विनंती करायला कोणीही लाजू नये.

ज्यांचा मास्क फक्त नाकावरचा आहे त्यांच्या बाबतीत याच वेळी हवा तोंडावाटे सुटते. सकाळी तोंड कोरडे ठणठणीत, जीभ टाळूला चिकटलेली, ही तिची ओळख. नाक चोंदलेले असेल तर तोंड उघडणारच, म्हणून आधी नाकाचा इलाज करावा. हनुवटीचा मऊ पट्टा काहींना चालतो, काहींना मुळीच नाही. तोंडाला चिकटपट्टी लावण्याचा जो प्रकार हल्ली सांगितला जातो तो वृद्ध माणसावर कदापि करू नये. तसेच ज्या वृद्धाला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, मग तो स्मृतिभ्रंशामुळे असो वा अर्धांगामुळे, त्याला नाक-तोंड झाकणारा मास्क लावून एकटे झोपवू नये. दोन्ही बाबतींत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

दाबाचाही विचार इथेच येतो. स्वयंचलित यंत्र कारखान्यातून ४ ते २० या मर्यादेत येते, म्हणजे पाण्याच्या स्तंभाचे ४ ते २० सेंटिमीटर, आणि पुष्कळदा ते तसेच घरी पोहोचते. आईच्या डॉक्टरांनी कार्डवरचा आलेख पाहून ती मर्यादा ७ ते १२ अशी अरुंद केली. गळती झाली की काही वेळा यंत्र अधिक दाब देते आणि अधिक दाबाने गळती आणखी वाढते, हे चक्र त्याने तुटले. पोटात हवा जाऊन पोट फुगणे, ढेकर येणे हेही त्यानंतर कमी झाले. हा बदल डॉक्टरांनीच करावा. माणसाचे वजन दहाएक टक्क्यांनी घटले किंवा वाढले असेल, तर जुना दाब जुन्या शरीराचा समजून पुन्हा तपासणी करून घ्यावी. मोठ्या आजारपणातून उठलेल्या वृद्धांच्या बाबतीत हे हमखास राहून जाते.

उताणे झोपल्यावर जीभ आणि जबडा दोन्ही मागे पडतात, तेव्हा कुशीवर झोपणे चांगले. मात्र उशी मास्कला ढकलणार नाही इतकी बाहेरच्या बाजूला सरकवावी. रात्रीच्या मद्याने घशाचे स्नायू आणखी सैल होतात. हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या बोंडांपासून काढलेल्या दारूच्या दिवसांत, मार्च ते मे, आमच्या शेजारच्या काकांच्या यंत्रावरचा आकडा वाढतो आणि पावसाळ्यात उतरतो, हे त्यांनी स्वतःच वहीत टिपले आणि त्यानंतर रात्रीचा पेला सोडला. झोपेच्या काही गोळ्यांचाही परिणाम असाच असतो. त्या परस्पर बंद करू नयेत, पण कोणत्या चालू आहेत हे सीपॅपच्या डॉक्टरांना माहीत असलेच पाहिजे.

पहाटेचे पाणी : जूनमध्ये परत येणारी तक्रार

कवळीचा प्रश्न सुटल्यावर आठ महिने सुखाचे गेले आणि जूनमध्ये आई पुन्हा पहाटे उठू लागली. या वेळी वहीत शब्द होता, पाणी. नळीत गुळगुळ आवाज येत होता आणि मास्कमधून थेंब नाकात जात होते. ओली गादी चेहऱ्यावरून घसरते, म्हणून याचीही परिणती गळतीतच होते.

गोव्यात जून ते सप्टेंबर हवा बाष्पाने भरलेली असते; जुलैत सापेक्ष आर्द्रता सकाळी नव्वद टक्क्यांच्या घरात असते. यंत्रातील पाण्याची टाकी हवेला उबदार आणि ओलसर करते, कारण कोरड्या हवेने नाक आणि घसा दुखतात. पण २८ अंशांची, बाष्पाने पूर्ण भरलेली हवा घनमीटरमागे सुमारे २७ ग्रॅम पाणी वाहून नेते, आणि ती २२ अंशांपर्यंत थंड झाली की तिला जेमतेम १९ ग्रॅमच पेलतात. उरलेले आठ ग्रॅम नळीच्या आतल्या भिंतीवर उतरतात. आठ तासांच्या रात्रीत नळीतून कित्येक घनमीटर हवा जाते हे लक्षात घेतले, तर सकाळी नळीतून ओंजळभर पाणी का निघते ते कळते. पहाटे खोली सर्वांत गार होते, आणि वातानुकूलन यंत्राचा झोत नळीवर येत असेल तर हे मध्यरात्रीपासूनच सुरू होते.

यावर पहिला उपाय म्हणजे टाकीची उष्णता उतरवणे. ज्या खोलीत वातानुकूलन नाही, फक्त पंखा आहे, तिथे पावसाळ्यात तापवण्याची गरज जवळजवळ नसतेच. आम्ही टाकीची उष्णता एकवर आणली, आणि मुसळधार पावसाच्या रात्री बंद ठेवतो. वातानुकूलित खोलीची गोष्ट निराळी, कारण ते यंत्र हवेतले बाष्प काढून घेते आणि घसा कोरडा पडतो. तिथे टाकी हवी, पण नळी पांघरुणाखालून घ्यावी किंवा तिला कापडी गवसणी घालावी. आईसाठी आम्ही जुन्या सुती साडीची गवसणी शिवली आहे. तापणारी नळी मिळते, ती परवडत असेल तर उत्तम. शिवाय यंत्र खाटेच्या पातळीखाली ठेवावे, म्हणजे जमलेले पाणी चेहऱ्याकडे न येता टाकीकडे परत जाईल. मात्र थेट फरशीवर ठेवू नये; पावसाळ्यात फरशीला ओल येते आणि मुंग्यांना यंत्राची ऊब आवडते.

टाकीत डिस्टिल्ड पाणी घालावे, तेही औषधांच्या दुकानातले. बॅटरीसाठी विकले जाणारे पाणी नको, आणि विहिरीचे तर मुळीच नको. आमच्याकडच्या चिऱ्याच्या जमिनीतील पाण्याने टाकीच्या तळाला महिन्याभरात तांबूस थर आला होता. रोज सकाळी टाकी रिकामी करून धुऊन उपडी ठेवावी. नळी आठवड्याला एकदा सौम्य साबणाच्या कोमट पाण्यातून काढावी. उन्हात वाळवल्याने प्लास्टिक ठिसूळ होते, आणि पावसाळ्यात सावलीत ती वाळत नाही, अशी इथली अडचण आहे. आम्ही नळी दोरीवर लोंबती ठेवून पाणी निथळू देतो, मग टाकी रिकामी ठेवून तापवणे बंद करतो आणि यंत्र दहा मिनिटे नुसते चालवतो. वाहत्या हवेने नळी आतून कोरडी होते. बुरशीचा वास आला की सॅव्हलॉनने किंवा ब्लीचने धुण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्या द्रवाचा वास मग रात्रभर फुफ्फुसांत जातो. अशी नळी सरळ बदलावी. ओझोन वायूने स्वच्छ करणारी जी पेटी विकली जाते तीही घेऊ नये. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लक्षावधी यंत्रे परत मागवली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण हवेत मिसळू शकत होते; उष्ण-दमट हवामान आणि ओझोनची साफसफाई ही झीज वाढवू शकतात, असे तेव्हा सांगण्यात आले. आपले हवामान उष्ण-दमटच आहे, त्यामुळे जुने, वापरलेले यंत्र कोणी दिले तर त्याचा नमुना त्या यादीत आहे का हे आधी तपासावे.

हवा ओढून घेण्याच्या जागी जी जाळी असते ती उन्हाळ्यात तांबड्या धुळीने आणि पावसाळ्यात ओलीने लवकर बाद होते. यंत्राजवळ अगरबत्ती, धूप किंवा डास पळवणारी कॉइल लावू नये. ते सगळे थेट श्वासात जाते. मच्छरदाणी लावावी, नळी तिच्या कडेखालून घ्यावी.

पावसात वीज जाणे हे आमच्याकडे नित्याचे आहे. यंत्र बंद पडले की नाक-तोंडाच्या मास्कमधील झडप उघडून बाहेरची हवा आत येते, त्यामुळे माणूस गुदमरत नाही, तरीही वीज गेल्यावर आईने मास्क काढावा अशी आम्ही तिला सवय लावली. इन्व्हर्टर घेताना शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा, घ्यावा; आणि तो सुरू झाल्यावर टाकी तापवणे बंद करावे, कारण विजेचा मोठा वाटा तापवण्यातच खर्च होतो आणि ते बंद केल्यावर बॅटरी पुष्कळ जास्त तास पुरते.

घरगुती शोध कुठे थांबवावा

मास्क गळत नाही, तास पूर्ण भरतात, आणि तरीही तासाला उरलेल्या घटना पाचाच्या वर सातत्याने दिसतात, तर डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी घसा मिटत नसून मेंदूकडूनच श्वासाचा आदेश थांबत असण्याची शक्यता असते, आणि हृदय कमकुवत झालेल्या वृद्धांत ती अधिक असते; त्यावरचे उपचार वेगळे आहेत आणि काही प्रकारची यंत्रे अशा हृदयाला अपाय करू शकतात, हे २०१५ सालच्या एका चाचणीत दिसून आले आहे. पायांना सूज, आडवे झाल्यावर धाप, सकाळी डोके जड होणे किंवा भ्रमिष्टासारखे वागणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना नाकातून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर वही भरत बसू नये. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी नेत्रतज्ज्ञांना सीपॅपविषयी सांगावे, कारण मास्कच्या वरच्या कडेने सुटणारी हवा नेमकी डोळ्यावर येते. प्राणवायूचे यंत्र जोडलेले असेल तर आधी सीपॅप सुरू करून मग प्राणवायू सोडावा, आणि बंद करताना आधी प्राणवायू बंद करावा. नाहीतर तो बंद यंत्रात साठून आगीचा धोका होतो.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात असो की खासगी दवाखान्यात, तपासणीला जाताना आम्ही एका कापडी पिशवीत मास्क पट्ट्यांसह, मेमरी कार्ड, वही आणि चालू औषधांची चिठ्ठी नेतो. यंत्र बहुधा न्यावे लागत नाही, पण मास्क न्यावाच लागतो, कारण तो आईच्या चेहऱ्यावर आडव्या अवस्थेत पाहिल्याशिवाय गळतीविषयी कोणालाही खात्रीने काही सांगता येत नाही. कवळीची डबीही त्याच पिशवीत असते. तपासणीच्या आधी ती काढून डबीत ठेवायची, हे आता आई स्वतःच डॉक्टरांना सांगते.